नॉर्वेची टपालबोट आणि कारंज्याची शकुंतला

युरोपच्या उन्हाळी सहलींच्या जाहिरातींत नॉर्वेचे चित्र ठरलेले असते: दोन्ही बाजूंना ताठ उभे कडे, मधे काळेशार पाणी आणि त्यातून चाललेले जहाज. तिथे फिरणारी जहाजे दोन जातींची आहेत, हे त्या चित्रावरून कळत नाही. एक जात तीन-चार हजार माणसे पोटात घेऊन हिंडणाऱ्या तरंगत्या हॉटेलांची. दुसरी लहान, साधारण पाचशे उतारूंच्या निजण्याची सोय असलेली, आणि तिचा जन्म सहलीसाठी झालेला नाही, टपालासाठी झाला आहे. बर्गनहून निघून थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाणारी आणि परत येणारी हुर्टिगरुटन ही बोटसेवा वाटेत ३४ बंदरे घेते. जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या कारंजा लाडच्या वाचकाने तिच्यात मन घालावे असे एक कारण आहे. कारंज्यावरून जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी बंद पडली आणि ती पर्यटनासाठी पुन्हा सुरू करावी, असे अधूनमधून बोलले जाते. त्या सूचनेमागची माया खरी आहे, पण क्रम उलटा आहे. संथ वाहन पर्यटकांच्या भरवशावर जगत नाही. ते आधी त्या वाटेवरच्या माणसांच्या रोजच्या कामाचे असावे लागते; पाहुणे मग आपणहून येतात. नॉर्वेच्या बोटीचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास याची साक्ष देतो.

१८९३ पूर्वी ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला पाठवलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात पाच-पाच महिन्यांनी पोचे. तो किनारा हजारो बेटांचा आणि पाण्याखाली दडलेल्या खडकांचा. हिवाळ्यात तिथे दिवसेंदिवस सूर्य उगवत नाही, आणि त्या सगळ्या उत्तर किनाऱ्याला तेव्हा जेमतेम २८ दीपगृहे होती. रात्री जहाज हाकणे म्हणजे वेडेपणा, असे मोठ्या कंपन्यांचे मत होते. रिचर्ड विथ या कप्तानाने तो वेडेपणा वहीत उतरवून काढला. तो आणि त्याचा वाटाड्या अँडर्स होल्टे वर्षानुवर्षे नोंदी ठेवत होते: अमुक टोकापासून होकायंत्राच्या अमुक दिशेला, अमुक वेगाने, इतकी मिनिटे, मग वळण. या नोंदींच्या बळावर डोळ्यांना काही दिसत नसतानाही घड्याळ आणि होकायंत्रावर बोट नेता येई. सरकारने त्याच्याशी करार केला आणि २ जुलै १८९३ रोजी ‘व्हेस्टरोलेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून सुटली. कराराचा गाभा साधा होता. आठवड्याला एक फेरी, ठरलेली बंदरे, ठरलेली वेळ, आणि त्या बदल्यात सरकारकडून ठरलेली रक्कम. सरकारने इथे बोट विकत घेतली नव्हती, वेळापत्रक विकत घेतले होते. पत्र काही दिवसांत पोचू लागले, मासळीच्या व्यापाऱ्याला भाव वेळेवर कळू लागले, आजाऱ्याला दवाखाना गाठता येऊ लागला. १८९८ मध्ये बर्गन या मार्गाला जोडले गेले आणि पुढे किर्केनेस. निसर्ग पाहायला येणारे परदेशी पाहुणे जसजसे वाढले तसतसे ते याच चालत्या व्यवस्थेत सामावले गेले.

आजही ही जात ओळखायची तर धक्क्यावर ओळखावी. लहानशा बंदरात, कित्येकदा मध्यरात्रीनंतर, बोट पंधरा-वीस मिनिटांसाठी लागते. जहाजाच्या कुशीतला दरवाजा उघडतो, आतून फोर्कलिफ्ट बाहेर येते, सामानाच्या चळती उतरवते, दुसऱ्या चढवते. एखादा स्थानिक उतारू पिशवी घेऊन पुढच्या गावापुरता चढतो. वरच्या मजल्यावर बारा दिवसांचे तिकीट काढलेला पर्यटक झोपलेला असतो किंवा, उन्हाळा असेल आणि बोट ध्रुववृत्ताच्या पलीकडे असेल, तर न मावळणारा सूर्य पाहत उभा असतो. दोघांचे भाडे एकाच वेळापत्रकाला पोसते. उन्हाळ्यात हीच बोट वाट वाकडी करून गाइरांगरच्या फ्योर्डमध्ये शिरते, लोफोटेन बेटांजवळ ट्रोलफ्योर्डच्या चिंचोळ्या तोंडाशी जाते. गाइरांगर हे दोन-अडीचशे वस्तीचे खेडे. तिथे एका सकाळी दोन-तीन महाकाय जहाजे लागली की गावाचे काय होत असेल, हे यात्रेच्या दिवसाचा अनुभव असलेल्या कुठल्याही गावाला सांगावे लागणार नाही. हा फ्योर्ड २००५ पासून जागतिक वारशात आहे. अशा फ्योर्डमध्ये धूर सोडणाऱ्या जहाजांना बंदी करण्याचा नियमही नॉर्वेने केला: आधी लहान प्रवासी जहाजांना, मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत. लहान जहाजे आधी का, असा प्रश्न पडतो, आणि माझ्या मते तो रास्त आहे. बॅटरीवर चालणे लहान जहाजाला आधी जमते, एवढेच त्याचे उत्तर दिसते.

आपल्याकडेही अशी रोजच्या कामाची बोट होती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या, आणि देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या ‘माझी आगबोट कंपनी’च्या बोटींनी कोकणाला मुंबईशी बांधून ठेवले. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत दुसऱ्या दिवशी पणजीला लागे. बहुतेक बंदरांत धक्का नव्हताच. बोट बाहेर नांगर टाकी आणि उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या होड्यांतून ये-जा करत. गिरणीत काम करणाऱ्या चाकरमान्यासाठी ती घरची वाट होती. शेवटच्या काळात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ धावल्या. मग रस्ते सुधारले, एसटी वाडीवस्तीपर्यंत गेली, बंदरे गाळाने भरत गेली आणि १९८०च्या दशकात पणजीची बोट संपली. तिचा हिशोब तिकिटांच्या गल्ल्यावर केला गेला. किनाऱ्याला तिचे मोल किती, हा हिशोब कुणी मांडलाच नाही. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर आली. ती देखणी होती, पण निव्वळ सहलीची होती. मालवणच्या माणसाला त्या बोटीचा काहीच उपयोग नव्हता. जेमतेम दोन हंगाम चालून ती कोविडच्या काळात थांबली. त्याउलट, २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट गाड्या आणि माणसे रोज पलीकडे नेते आणि टिकून आहे. कोविड दोघींनाही भोवला होता.

सरकारने असे वेळापत्रक विकत घ्यावे, यावर पहिला आक्षेप पैशांचा. नॉर्वे तेलावर श्रीमंत झालेला देश आहे, त्याला बोट पोसायला काय जाते? पण नॉर्वेच्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला तो १९६९ मध्ये. १८९३ चा नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता, गरीब होता आणि त्याची तरुण माणसे जहाजे भरभरून अमेरिकेला चालली होती. दुसरा आक्षेप पावसाळ्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणच्या समुद्राला मृग ते नारळी पौर्णिमा उतारू बोट सोसत नाही, हे मान्यच करायला हवे. मात्र त्यातून नऊ महिन्यांचे वेळापत्रक निघते, शून्य महिन्यांचे नाही. तिसरा आक्षेप नॉर्वेतलेच लोक घेतात: आता विमाने आहेत, पूल आहेत, टपाल बोटीने जात नाही, मग पर्यटकांच्या मौजेला करदात्याचा पैसा कशाला? यात तथ्य आहे. तरीही २०२१ पासून तिथल्या सरकारने हा मार्ग दोन कंपन्यांना वाटून दिला तो बंदरे आणि वेळा बांधून घेऊनच. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्ते बंद पडतात तेव्हा मालाला हीच वाट उरते.

कोकणच्या बोटी आणि वऱ्हाडची शकुंतला यांच्यात एक धागा आहे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचा कारभार पाहणारी किलिक निक्सन हीच कंपनी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेचीही कारभारी होती, आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर व मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर हे रूळ त्या रेल्वेचे. हेतू एकच होता, कापूस. कारंजा, दारव्हा, यवतमाळ या भागातल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या रुळांवर चढत, मुंबईला जात आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत. गाडी ओढणारे इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बांधलेले. ते १९९४ पर्यंत वाफेवर चालले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, हे रूळ मात्र खासगी मालकीचेच राहिले आणि सरकार त्यांचे भाडे भरत राहिले. म्हणजे आपल्या सरकारनेही करार केला होता, पण तो रुळांसाठी. वेळापत्रकासाठी नव्हता. त्याचा परिणाम गाडीत बसल्यावर दिसे. गाडीबरोबर जाणारी माणसेच तिकीट फाडत, खाली उतरून फाटक लावत, गाडी पुढे गेली की फाटक उघडून पुन्हा चढत. शेतमजूर, बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळकरी पोरे तिच्यात बसत, कारण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त होते. गेल्या दशकात ती थांबली. रूळ रुंद करण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली.

शकुंतला जशी होती तशीच, संथ चालीची, पर्यटकांसाठी परत आणा म्हणणाऱ्यांना माथेरानचे उदाहरण जवळचे वाटते. पण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. अमन लॉजहून वर जाणारी गाडी तिथल्या रहिवाशांची आणि मालाचीही गरज भागवते. कारंज्याला तसे नाही. समृद्धी महामार्ग गावाजवळून जातो आणि खेळण्यातल्या गाडीसाठी कुणी रोज वाट पाहणार नाही. कारंज्याला हवी आहे ती मूर्तिजापूरची जोडणी, जिथे मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या मिळतात. तीसएक किलोमीटरच्या या अंतरासाठी रुंद रुळांवरची, रोज धावणारी, पार्सलचा डबा लावलेली गाडी मागावी. पाहुण्यांना येण्याजोगे इथे पुष्कळ आहे: नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी असलेले गुरुमंदिर, अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मूळ पोथ्या पुरवणारे जैन ग्रंथभांडार, सोहोळचे काळवीट. ते येतील, आणि त्यांच्या भाड्याने गाडीचा तोटा थोडा कमी होईल. दत्तजयंतीला आणि पौषातल्या जन्मोत्सवाला त्यांच्यासाठी जादा गाडी सोडावी. पण रोजची गाडी कचेऱ्या आणि बाजार उघडण्याच्या वेळेला मूर्तिजापूरला पोचेल अशीच सुटली पाहिजे.