ॲड्रेनॅलिन : गुणधर्म आणि जपणूक

मनुष्य अकस्मात संकटात सापडला म्हणजे त्याचे हृदय धडधडू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, त्वचा फिकी पडते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात मिसळणारे ॲड्रेनॅलिन हे द्रव्य या बदलांना बऱ्याच अंशी कारणीभूत असते. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी ते जनावरांच्या ग्रंथींपासून स्फटिकरूपात वेगळे केले व १९०१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

एकच द्रव्य त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, श्वासनलिका मात्र सैल करते, हे कसे? त्याला प्रतिसाद देणारे ग्राही दोन प्रकारचे असावेत, असे अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये प्रतिपादन केले व त्यांना आल्फा आणि बीटा ही नावे दिली. हे ग्राही म्हणजे पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिने होत, हे पुढे सिद्ध झाले.

शुद्ध ॲड्रेनॅलिन ही पांढरी, सूक्ष्म स्फटिकांची पूड असते. ती पाण्यात अगदी थोडी, परंतु सौम्य अम्लात सहज विरघळते. तिच्या रेणूतील वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतात. ग्राहीशी रेणूची जी जुळणी होते, तीत या जोडीचा मोठा वाटा असतो. आणि हवेतील ऑक्सिजनची क्रिया होते तीही याच जोडीवर. म्हणजे ज्या रचनेमुळे हे द्रव्य कार्य करते, त्याच रचनेमुळे ते नासते. त्याचा विद्राव प्रथम गुलाबी व पुढे तपकिरी होतो. प्रकाश, उष्णता, अल्क आणि लोह किंवा तांबे यांचा अल्पसा अंश यांमुळे ही क्रिया वेगाने घडते.

म्हणून प्रयोगशाळेत त्याचा विद्राव सौम्य अम्लात, लागेल तेवढाच व ताजा करतात आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. पूड तोलताना हातमोजे व मुखपट्टी वापरणे अवश्य आहे. कारण अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिनचाही प्रौढ माणसावर स्पष्ट परिणाम होतो.

मधमाशीच्या दंशाने किंवा एखाद्या औषधाने काही व्यक्तींचा रक्तदाब एकाएकी उतरतो व श्वास कोंडतो. अशा वेळी मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिन प्राण वाचविते. यासाठीच्या कुपीत १ मिलिलिटर विद्रावात १ मिलिग्रॅम द्रव्य असते. ऑक्सिडीभवन रोखण्यासाठी तीत बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. ती प्रकाशापासून दूर, २५ अंश सेल्सिअसच्या आत, पण गोठू न देता ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात किंवा पत्र्याच्या छपराखाली ती ठेवणे धोक्याचे आहे.

रंग बदललेली कुपी टाकून द्यावी, हे उघड आहे. परंतु विद्राव स्वच्छ दिसतो एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. कालांतराने काही रेणू आपल्याच आरशातील प्रतिबिंबासारखे रूप घेतात व ते रूप फारच क्षीण असते; रक्षणासाठी घातलेले बायसल्फाइटही काही रेणूंशी संयोग पावून त्यांना निष्क्रिय करते. या दोन्ही क्रियांत रंग पालटत नाही. डोळ्यांना न दिसणारा हा ऱ्हास लक्षात घेऊनच कुपीवर मुदतीची तारीख छापलेली असते. रुग्णालयाच्या कपाटातील कुप्यांची ती तारीख नियमाने तपासणे हाही उपचाराचाच एक भाग होय.