डोकं मोठं, बाळ हसरं, एमआरआय मात्र घाबरवणारा

अमडापूरसारख्या गावात अंगणवाडीत बाळाचं वजन नेमानं होतं. काटा असतो, कार्डावर टिंब पडतं, टिंब घसरलं की ताई आईला दोन शब्द सुनावतात. डोक्याचा घेर मात्र तितक्या नेमानं मोजला जातोच असं नाही. आज ज्या आजारांबद्दल लिहितोय त्यांची पहिली खूण तिथेच सापडते, साध्या न ताणल्या जाणाऱ्या टेपनं. अट एकच, एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

जन्मताना हा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला दोनेक सेंटीमीटरनं वाढतो, पुढचे तीन महिने एकेकानं, मग अर्ध्या-अर्ध्यानं. वर्षाचं बाळ ४५-४६ च्या आसपास येतं. एखाद्या बाळाचा आकडा तक्त्यावर आपली रेघ सोडून वरच्या रेघा ओलांडत चालला, तर थांबून बघायला हवं.

लगेच घाबरू नका. आधी आईबापाची डोकी मोजा! गंमत नाही, डॉक्टरही हेच करतात. बहुतेक मोठी डोकी घराण्यातूनच आलेली असतात आणि त्यात आजार काही नसतो. दुसरी शक्यता डोक्यात पाणी साठण्याची. टाळू उघडी असेपर्यंत ते सोनोग्राफीत दिसतं. या दोन्हींत न बसणारी थोडी बाळं उरतात, आणि खरा प्रश्न त्यांचा आहे.

त्यातला एक आजार आपल्या भागाशी जोडलेला आहे. नाव लांबलचक: मेगॅलेन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपॅथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स. आपण एमएलसी म्हणू. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी मुलं दिसत होती, आणि त्यांतली बरीच अग्रवाल समाजातली होती. १९९५ साली नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर क्नाप यांनी युरोपातल्या मुलांवरून या आजाराचं वर्णन केलं, १९९६ मध्ये मुंबईच्या गटाचा लेख आला. २००१ मध्ये बाविसाव्या गुणसूत्रावरचं जनुक सापडलं (एमएलसी१). २००४ मध्ये कळलं की अग्रवाल कुटुंबांत ठरावीक एकच बदल फिरतोय: जनुकाच्या मजकुरात 'सी' हे एक अक्षर जास्तीचं घुसलंय. एक अक्षर वाढलं की पुढचं सगळं वाचन चुकतं आणि प्रथिन नीट बनतच नाही.

हे प्रथिन मेंदूतल्या तारकापेशींत असतं, रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या टोकांशी. क्षार आणि पाणी यांचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. हिशेब बिघडला की मेंदूच्या पांढऱ्या भागात पाणी मुरत राहतं, तो फुगतो, डोकं वाढतं.

आता निदानातली खरी मेख. एमआरआयमध्ये सगळा पांढरा भाग सुजलेला, कानशिलाजवळ पाण्याच्या पुटकुळ्या. फोटो बघणाऱ्याला वाटावं की हे मूल मान तरी धरत असेल का. आणि मूल तर समोर बसून खेळतंय, हसतंय, फार तर चालायला उशीर झालाय! फोटो आणि मूल यांचं हे न जुळणं हीच एमएलसीची सगळ्यात मोठी खूण. पुढे तोल जाणं, पाय ताठरणं, आकडी हे हळूहळू येतं, वर्षानुवर्षांच्या गतीनं.

पण एमआरआयच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, लघवी आणि रक्त तपासलंच पाहिजे, याबाबत माझं मत ठाम आहे. कारण असंच मोठं डोकं ग्लुटारिक अॅसिड्युरिया प्रकार १ मध्येही दिसतं, आणि त्यावर उपाय आहे. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं शरीराला पुरती पचवता येत नाहीत. बाळ बरं दिसतं, मग एखादा ताप किंवा जुलाब येतो, दूध तुटतं, आणि दोन-तीन दिवसांत मेंदूचा हालचाली सांभाळणारा भाग कायमचा निकामी होतो. आधी कळलं तर लायसिन कमी असलेला आहार, कार्निटिन आणि आजारपणात ताबडतोब ग्लुकोज देऊन हा आघात बहुतेकदा टाळता येतो. तपासणीला लागतं काय? टाचेतून काढलेल्या रक्ताचे गाळणकागदावर वाळवलेले थेंब आणि थोडी लघवी. कागद पाकिटातून दूरच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो, बाळाला प्रवास नाही. लघवीत एन-असेटिल अॅस्पार्टेट भरपूर निघालं तर तो तिसरा आजार, कॅनाव्हान. त्यात बाळ लुळं असतं, मान धरत नाही. एमएलसीमध्ये या तपासण्या नॉर्मल येतात. मग जनुक तपासायचं, आणि कुटुंब अग्रवाल असेल तर आधी तो एकच ठरलेला बदल बघायचा. वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

"आमच्यात नात्यात लग्न होतच नाही, मग हे कसं?" हा प्रश्न हमखास येतो. गोत्र टाळलं तरी लग्न समाजातच होतं ना. शेकडो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आलेला बदल नवऱ्याकडेही असू शकतो, बायकोकडेही. दोघं ठणठणीत, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. यात अग्रवाल समाजाचं वेगळं असं काही नाही; आतल्या आत लग्न करणाऱ्या आपल्या प्रत्येक जातीत असे वेगवेगळे बदल दडलेले असतात.

एमएलसी बरा करणारं औषध आज नाही. तरी नाव कळण्यानं फरक पडतो. या मुलांची तब्येत डोक्याला किरकोळ मार लागूनही एकदम ढासळू शकते, म्हणून खेळताना डोकं जपायचं हे घरी आणि शाळेत सांगून ठेवता येतं. आकडीवर औषधं चालतात. आणि पुढच्या गरोदरपणात दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासणी करता येते, पण त्यासाठी पहिल्या मुलाचा जनुकीय अहवाल हातात लागतो. तो कागद जपून ठेवा. ग्लुटारिक अॅसिड्युरिया निघाला तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीत तो आहे, आणि महाराष्ट्रातलं त्यासाठीचं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय. जाताना डोक्याच्या घेराच्या तारीखवार नोंदी बरोबर न्या.