घरगुती वीज देयकातील दारिद्र्यरेषेखालील दरवर्ग : पात्रतेचे निकष आणि वाशिम जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून पाचापैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. कोरडवाहू शेती, सोयाबीनसारखे पावसावर अवलंबून असणारे पीक आणि शेतमजुरांचे हंगामी स्थलांतर ही येथील अर्थव्यवस्थेची ठळक वैशिष्ट्ये आहेत. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद यांच्यासह वाशिमचा समावेश केला. अशा जिल्ह्यातील अल्प उत्पन्न गटाच्या कुटुंबाला विजेच्या देयकात सवलत कोणत्या निकषावर मिळते, ती टिकते कशी व जाते कशी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सवलतीचा कायदेशीर आधार

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२ (३) नुसार आयोगाला कोणत्याही ग्राहकास अवाजवी झुकते माप देता येत नाही; मात्र एकूण वापर, भार, पुरवठ्याचे स्वरूप व प्रयोजन यांच्या आधारे दरांत भेद करता येतो. २००५ चे राष्ट्रीय विद्युत धोरण व २००६ चे दर धोरण यांनी दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी दरमहा ३० युनिटसारखी मर्यादा सुचविली आणि अशा ग्राहकांचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या किमान ५० टक्के असावा असे म्हटले. या सवलतीचा भार अन्य ग्राहकांच्या दरांतून, म्हणजेच आडव्या अनुदानातून, भरून काढला जातो. राज्य शासनास याहून अधिक सवलत द्यावयाची असल्यास कलम ६५ नुसार ती रक्कम वितरण कंपनीस आगाऊ द्यावी लागते.

२००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी स्थापन झाली. तिचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. लघुदाब घरगुती वर्गात ‘दारिद्र्यरेषेखालील’ हा स्वतंत्र उपवर्ग आयोगाच्या आदेशांनी निर्माण झाला आहे.

नाव एक, मोजमाप दुसरे

या उपवर्गाच्या नावामुळे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पिवळी शिधापत्रिका असली की सवलतीचा दर आपोआप लागू होतो, अशी समजूत आहे. वस्तुतः येथे तीन भिन्न याद्यांची गल्लत होते.

१) शिधापत्रिका : १९९९ मध्ये राज्यात तिरंगी शिधापत्रिका योजना सुरू झाली. तिचा आधार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न हा होता. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी ही मर्यादा १५,००० रुपये होती.

२) दारिद्र्यरेषेची यादी : २००२ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १३ निकषांवर प्रत्येकी ० ते ४ याप्रमाणे एकूण ५२ गुणांचे मूल्यमापन झाले. पुढे २०११ चे सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षण आले.

३) वीज दरवर्ग : याचा आधार उत्पन्न नसून मंजूर भार व मागील आर्थिक वर्षातील वीज वापर हा आहे.

पहिल्या दोन प्रकारच्या नोंदी वीजजोडणी मिळविताना उपयोगी पडल्या. १९८८-८९ मधील कुटीर ज्योती, २००५ मधील राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना व २०१७ मधील सौभाग्य योजना यांतून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी मिळाली. सौभाग्य योजनेत २०११ च्या सर्वेक्षणाबाहेरील कुटुंबांकडून ५०० रुपये दहा हप्त्यांत घेण्याची तरतूद होती. ही योजना मार्च २०२२ मध्ये समाप्त झाली. परंतु जोडणी मोफत मिळणे आणि दरमहाचे देयक सवलतीच्या दराने येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

पात्रतेचे निकष

आयोगाच्या आदेशांतील निकषांचा सारांश असा :

१) मंजूर भार विहित मर्यादेच्या आत असावा. आयोगाच्या आदेशांत ही मर्यादा दीर्घकाळ ०.१ किलोवॅट, म्हणजे १०० वॅट, राहिली. दर आदेश वेळोवेळी बदलत असल्याने लागू असलेला आदेश पाहणे आवश्यक ठरते.

२) मागील आर्थिक वर्षातील वापर ३६० युनिटपेक्षा अधिक नसावा. वर्षाच्या मध्यात जोडणी मिळाल्यास दरमहा ३० युनिट या प्रमाणात गणना होते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत चार महिने जोडणी असेल, तर मर्यादा १२० युनिट होईल.

३) पात्रतेची फेरतपासणी प्रत्येक आर्थिक वर्षाच्या शेवटी होते.

४) वापर एकदा मर्यादेपलीकडे गेल्यास ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो. त्यानंतरचा वापर कितीही कमी झाला तरी त्यास पूर्वीच्या वर्गात परतता येत नाही.

चौथी अट सर्वांत कठोर आहे. सवलतीच्या वर्गातून बाहेर पडण्याची वाट आहे, परत येण्याची नाही. एका वर्षाच्या वापराचा परिणाम कायमचा होतो.

३६० युनिटचा प्रत्यक्ष अर्थ

एका लहान घरात ७० वॅटचा पंखा दररोज १० तास व वर्षातील आठ महिने चालला, तर त्याचा वापर १६८ युनिट होतो. प्रत्येकी ९ वॅटचे तीन एलईडी दिवे रोज ६ तास लावल्यास वर्षाला सुमारे ६० युनिट लागतात. ५० वॅटचा दूरदर्शन संच रोज ३ तास चालल्यास सुमारे ५४ युनिट होतात. एकूण वापर २८२ युनिट, म्हणजे मर्यादेच्या आत राहतो. याच घरात वैदर्भीय उन्हाळ्याचे ७५ दिवस १५० वॅटचा कूलर रोज ८ तास चालला, तर ९० युनिटची भर पडून एकूण वापर ३७२ युनिट होतो. केवळ १२ युनिटच्या फरकाने ते कुटुंब वर्गाबाहेर जाते. त्याचे उत्पन्न मात्र पूर्वीइतकेच राहते. शिवाय पंखा, दिवे व दूरदर्शन संच यांचाच जोडलेला भार १४७ वॅट होतो. १०० वॅटची मर्यादा एका दिव्याच्या जोडणीच्या काळातील गृहीतकावर उभी होती, हे यावरून स्पष्ट होते.

देयकातील नोंदींचे महत्त्व

पात्रता प्रत्यक्ष वापरावर नव्हे, तर नोंदलेल्या वापरावर ठरते. एखाद्या कुटुंबाचा खरा वापर दरमहा २४ युनिट, म्हणजे वर्षाला २८८ युनिट आहे असे मानू. मीटर नादुरुस्त असल्याने अथवा कुटुंब मजुरीसाठी परगावी गेल्याने चार महिने ४५ युनिटप्रमाणे सरासरी देयक आले, तर नोंद १८० अधिक १९२, म्हणजे ३७२ युनिट होते. हंगामी स्थलांतर असलेल्या जिल्ह्यात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्याचप्रमाणे दोन भावांचे विभक्त संसार एकाच मीटरवर चालत असतील, तर दोन्ही गरीब कुटुंबांचा वापर एकाच ग्राहकाच्या नावे नोंदला जातो.

म्हणून देयकावरील मंजूर भार, दर संकेत, मागील व चालू रीडिंग आणि मागील महिन्यांचा वापर या नोंदी नियमितपणे तपासणे आवश्यक आहे. नोंद चुकीची आढळल्यास आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीच स्थानिक उपविभागात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी व मीटर तपासणीची मागणी करावी. १९१२ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. तेथे दाद न मिळाल्यास कलम ४२ नुसार स्थापन झालेला ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विदर्भासाठी नागपूर येथील विद्युत लोकपाल असे मार्ग उपलब्ध आहेत. थकबाकीपोटी पुरवठा तोडण्यापूर्वी कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे.

दरवर्गाचे वाढते मूल्य

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॅटच्या छतावरील सौर संचासाठी ३०,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘स्मार्ट’ योजनेतून दारिद्र्यरेषेखालील वीज ग्राहकांसाठी त्यात १७,५०० रुपयांची भर घातली. त्यामुळे दरवर्ग गमावणाऱ्या कुटुंबाची हानी दरमहाच्या देयकापुरती मर्यादित राहत नाही.

निष्कर्ष

दारिद्र्यरेषेखालील वीज दर ही गरिबीसाठी दिलेली सवलत असली, तरी तिचे मोजमाप अल्प वापराने होते. परिणामी अल्प वापर असलेले बंद घर पात्र ठरू शकते आणि अधिक सदस्यसंख्येचे गरीब कुटुंब अपात्र ठरू शकते. परतीची वाट बंद करणाऱ्या अटीचा फेरविचार व सरासरी देयकांचे महिने वगळून पात्रता तपासणे, या दोन सुधारणा विचारार्ह आहेत. आयोग दरनिश्चितीपूर्वी जनसुनावणी घेतो. तेथे अशा सूचना मांडता येतात. दरम्यान, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी शिबिराच्या गावात जानेवारी-फेब्रुवारीत वीज देयकांची तपासणी हाती घेतल्यास, ३१ मार्चपूर्वी चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घेण्यास अनेक कुटुंबांना पुरेसा अवधी मिळेल.