दुधावरून पेजेवर
उष्टावण थाटात होते. खरी कसोटी पुढेच. पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून, वर्ष उलटले तरी मूल दुधावाचून कशाला तोंड लावीत नाही, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. गाईच्या दुधात लोह नगण्य. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक पोटात गेले, की भूक मरते आणि पंडुरोग बळावतो. म्हणून पेला जेवणानंतरच द्यावा. उकड्या तांदळाची पेज घरात असतेच. मात्र वरची निवळ पाजून भागत नाही. शिते कुस्करून, मुगाचे वरण व तूप घालून ती घट्ट भरवावी. मासे खाणाऱ्यांनी काटे नीट काढून मासळी कुस्करावी. मुलाने तोंड फिरविले तर बळजबरी नको. तोच घास आठ-दहा वेळा पुढे आला, की बहुधा जीभ रुळते. अंगावरचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत खुशाल चालू ठेवावे.