आधी बंदर पाहा

तुर्कस्तानातल्या प्राचीन इफिससच्या भव्य नाट्यगृहासमोरून संगमरवरी फरशीचा एक सरळ रस्ता पश्चिमेकडे निघतो. लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि ओवऱ्यांचे अवशेष. चौथ्या शतकाच्या अखेरीस, सम्राट आर्केडियसच्या काळात, त्याची नव्यानं बांधणी झाली. रात्री या रस्त्यावर दिवे लागत, आणि त्या काळी अशी शहरं फार थोडी होती. हा रस्ता बंदरावर जायचा. आज त्याच्या टोकाशी बोरूचं रान आणि दलदल आहे, आणि समुद्र तिथून काही किलोमीटर मागे हटला आहे.

कुशादासीच्या धक्क्याला जहाज लागलं की प्रवासी बसनं अर्ध्या तासात इफिससला पोहोचतात. बहुतेक गट वरच्या दरवाज्यानं आत शिरतात, उतारानं खाली येतात, सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटो काढतात आणि खालच्या दरवाज्यानं बाहेर पडून बसमध्ये बसतात. बंदराचा रस्ता नाट्यगृहातून सरळ समोर दिसतो. पण त्याबद्दल बोलायला गाइडकडे वेळ उरत नाही, कारण परतीची वेळ ठरलेली असते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

ग्रीस आणि तुर्कस्तानच्या क्रूझवर हे जवळपास प्रत्येक मुक्कामी घडतं. जहाज बंदरात येतं आणि प्रवासी बंदर सोडून बाकी सगळं पाहून येतात. खरं तर एजियन समुद्राकाठची ही शहरं बंदरापायी जन्मली, बंदरावर श्रीमंत झाली आणि बंदर गेलं तशी ओस पडली. त्यांची देवळं, नाट्यगृहं, संगमरवरी रस्ते हे सगळं जहाजांतून आलेल्या पैशावर उभं राहिलं. हातात जेमतेम पाच-सहा तास असतील, तर शहर समजून घेण्याची सुरुवात पाण्याच्या काठावरूनच व्हायला हवी.

इफिससचं दुखणं गाळाचं होतं. कायस्टर नदी डोंगरांतून माती आणून बंदरात टाकत राहिली. भूगोलकार स्ट्रेबोनं याची हकिगत लिहून ठेवली आहे. पर्गामनचा राजा अ‍ॅटलस फिलाडेल्फस याला वाटलं, की बंदराचं तोंड अरुंद केलं तर आतलं पाणी खोल होईल आणि मोठी व्यापारी जहाजं आत येऊ शकतील. त्यानं तोंडाशी बांध घातला. झालं उलटंच! पूर्वी भरती-ओहोटीबरोबर गाळ बाहेर निघून जायचा, तो आता आतच अडकून बंदर आणखी उथळ झालं. पुढे रोमन सम्राट हेड्रियननं नदीचा प्रवाहच वळवून पाहिला. काही शतकं बंदर तग धरून राहिलं, पण शेवटी नदीच जिंकली. सुमारे पंचवीस हजार माणसं मावतील एवढं नाट्यगृह असलेलं शहर माणसांनी सोडून दिलं.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. आपल्या नालासोपाऱ्याचं तेच झालं. अशोकाचे शिलालेख जिथे कोरले गेले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी जिथला स्तूप उकरला, ते शूर्पारक बंदर गाळानं समुद्रापासून तुटलं. पहिल्या शतकात कुणा अनाम लेखकानं ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गांच्या माहितीग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावं आहेत. इफिससचं बंदर भरात होतं तेव्हा आपली ही बंदरंही ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होती.

सगळ्या मुक्कामांतून एकच निवडायचा झाला, तर तो डेलॉस. जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव बहुतेकदा नसतं, तिथे मिकोनॉस असतं. मिकोनॉसच्या पांढऱ्याशुभ्र गल्ल्या, पवनचक्क्या आणि दुकानं यांतच दिवस जातो. पण त्याच गावाच्या जुन्या धक्क्यावरून सुटणारी बोट अर्ध्या तासात डेलॉसला नेते, आणि तिथे अख्खं बेट म्हणजे एक उघडं पडलेलं प्राचीन शहर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा सुटला की बोटी रद्द होतात. नाहीतर सकाळची पहिली बोट चुकवू नये.

बेटाची लांबी जेमतेम पाच किलोमीटर. अपोलो देव इथे जन्मला अशी ग्रीकांची श्रद्धा. इराणविरोधी ग्रीक नगरराज्यांच्या आघाडीचा खजिना इसवी सनापूर्वी ४५४पर्यंत इथेच असायचा, मग अथेन्सनं तो आपल्याकडे नेला. पुढे, इसवी सनापूर्वी ४२६च्या सुमारास, रोगराई आणि युद्धानं हैराण झालेल्या अथेन्सनं बेटाचं शुद्धीकरण केलं. तेव्हा बेटावरच्या साऱ्या कबरी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर हलवल्या गेल्या आणि फर्मान निघालं, की यापुढे डेलॉसवर कुणी जन्मू नये आणि कुणी मरू नये. बाळंतिणींना आणि मरणोन्मुख माणसांना होडीत घालून पलीकडे नेत.

अशा पवित्र बेटाची बाजारपेठ कशी झाली, याचं उत्तर रोमच्या राजकारणात आहे. ऱ्होड्स हे तेव्हाचं बलाढ्य व्यापारी बंदर. रोमची त्याच्यावर खप्पामर्जी झाली, आणि इसवी सनापूर्वी १६६ साली रोमनं डेलॉस जकातमुक्त करून टाकलं. व्यापारी तिकडे धावले. ऱ्होड्सच्या बंदराचं उत्पन्न वर्षाला दहा लाख द्राक्मांवरून दीड लाखावर घसरलं, असं इतिहासकार पॉलिबियस नोंदवतो. डेलॉसवर इटलीचे, सीरियाचे, इजिप्तचे व्यापारी घरं बांधून राहिले. बैरुतच्या व्यापाऱ्यांनी आपलं स्वतंत्र संघभवन उभारलं. इसिसचं देऊळ आलं, सीरियन देवतांची देवळं आली. आणि माणसांचा बाजारही भरू लागला. दिवसाला दहा-दहा हजार गुलाम आणून विकण्याची या बंदराची ऐपत होती, असं स्ट्रेबो सांगतो. त्या सुंदर घरांमधून हिंडताना हे विसरून चालणार नाही.

घरं मात्र डोळे भरून पाहण्यासारखी आहेत. ‘डॉल्फिनांचं घर’ म्हणून ओळखलं जाणारं एक घर घ्या. मधल्या चौकाच्या फरशीत रंगीत खड्यांचं मोठं वर्तुळ आहे, आणि त्याच्याभोवती चौकाच्या चार कोपऱ्यांत डॉल्फिनांच्या जोड्यांवर स्वार झालेली पंखवाली पोरं. चित्र करणाऱ्यानं आपलं नावही फरशीत घालून ठेवलं आहे : अ‍ॅस्क्लेपियाडिस, राहणार अराडॉस. अराडॉस हे सीरियाच्या किनाऱ्यावरचं बेट. उंबरठ्याच्या आतल्या फरशीवर त्रिकोण, आडवी रेघ आणि वर वर्तुळ असं एक चिन्ह आहे. ते तानित या फिनिशियन देवीचं. म्हणजे ग्रीक बेट, रोमची सत्ता, चित्रकार सीरियाचा आणि घरमालकही बहुधा फिनिशियन. बंदराचं शहर म्हणजे काय, हे त्या एका उंबरठ्यावर कळतं.

भरभराट शंभर वर्षंही टिकली नाही. इसवी सनापूर्वी ८८ साली पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्या सैन्यानं बेट लुटलं. वीस हजार माणसं मारली गेली असं प्राचीन लेखक लिहितात. ६९ साली समुद्री चाचे आले. त्यानंतर डेलॉस सावरलं नाही. १८७३पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तिथे उत्खनन करत आहेत, १९९० साली बेट जागतिक वारसा यादीत गेलं. आजही तिथे रात्री मुक्काम करायला प्रवाशांना परवानगी नाही.

बहुतेक क्रूझ जिथून सुटतात त्या पिरेअसला प्रवासी पाहतही नाहीत. विमानतळावरून थेट जहाजावर जातात. या बंदराची तटबंदी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थेमिस्टोक्लिसच्या आग्रहावरून झाली, आणि अथेन्सचं आरमार इथून चालायचं. गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयात अपोलो, अथीना आणि आर्टेमिस यांचे मोठे ब्राँझचे पुतळे आहेत. १९५९ साली बंदराजवळच्या रस्त्याखाली नळ टाकताना ते सापडले. प्राचीन वखारीत, जणू जहाजाची वाट पाहत, ते एकत्र ठेवलेले होते. दोन तास मोकळे असले तरी हे संग्रहालय पाहून होतं.

याच बंदरावर संगमरवराचा एक प्रचंड सिंह बसलेला असायचा. अकराव्या शतकात उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियातून आलेल्या योद्ध्यांनी त्याच्या अंगावर आपल्या रून लिपीत मजकूर कोरला. १६८७ साली व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी यानं सिंह उचलून नेला, आणि तो आजही व्हेनिसच्या आरमारी गोदीच्या दारात आहे. त्याच लिपीत कोरलेलं ‘हाल्फदान’ हे नाव इस्तंबूलच्या हागिया सोफियात वरच्या सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर वाचायला मिळतं. जानेवारी २०२४पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून याच सज्जात सोडतात. मोझेइक पाहायला सगळे मान वर करतात, कठड्याकडे थोड्यांचंच लक्ष जातं.

ऱ्होड्सला उतरणारा प्रत्येक जण पुतळ्याची चौकशी करतो. सूर्यदेवाचा तो ब्राँझचा पुतळा सुमारे तेहतीस मीटर उंच होता. डिमिट्रिअस या सेनानीनं शहराला घातलेला वेढा उठल्यावर त्यानं मागे टाकलेली यंत्रं विकून आलेल्या पैशांतून तो उभारला, आणि इसवी सनापूर्वी २२६च्या सुमारास भूकंपात कोसळला. बंदराच्या दोन टोकांवर पाय ठेवून उभा असलेला आणि ज्याच्या पायांखालून जहाजं जातात असा पुतळा चित्रांत दाखवतात, पण ती मध्ययुगातली कल्पना. ऱ्होड्सनं जगाला दिलेली त्याहून टिकाऊ वस्तू म्हणजे समुद्राचा कायदा. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान एकट्या मालकानं सोसायचं नाही; ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. रोमन कायद्यानं हा नियम ऱ्होड्सच्या नावानिशी उचलला. भारताच्या १९६३च्या सागरी विमा कायद्यातही हे तत्त्व आहे, आणि न्हावाशेव्याला येणाऱ्या कंटेनर जहाजांना ते आजही लागू होतं.

सांतोरिनीला क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. प्रचंड ज्वालामुखीच्या स्फोटानंतर खचलेल्या, समुद्रानं भरलेल्या कुंडात जहाज उभं राहतं, छोट्या लाँच माणसांना कड्याच्या पायथ्याशी सोडतात. वर फिरा गावात जायला केबल कार, नाहीतर सुमारे ५८८ पायऱ्या. केबल कारच्या डब्यांत एका वेळी थोडीच माणसं मावतात, त्यामुळे चार-पाच जहाजं एकाच दिवशी आली की रांगेतच तास-दोन तास जातात. २००७च्या एप्रिलमध्ये ‘सी डायमंड’ हे क्रूझ जहाज दीड हजारांहून अधिक माणसांसह याच कुंडात खडकावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. दोन प्रवासी गेले.

बेटाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. २०२४च्या जुलैत एका दिवसात सुमारे अकरा हजार क्रूझ प्रवासी उतरले, तेव्हा स्थानिकांचा संयम संपला. २०२५पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा आली. त्याच वर्षीच्या जुलैपासून ग्रीसनं क्रूझ प्रवाशांवर कर बसवला : ऐन हंगामात सांतोरिनी आणि मिकोनॉसला माणशी २० युरो, इतर बंदरांत ५ युरो. कर रास्तच आहे. पिण्याचं पाणी, कचरा, रस्ते यांचा भार बेटावर पडतो आणि क्रूझचा प्रवासी जेवायला, झोपायला जहाजावरच परततो. सूर्यास्तासाठी इया गावात गर्दी करण्यापेक्षा अक्रोतिरीला जावं. १९६७ साली स्पिरिडॉन मरिनाटोस यांनी तिथे खोदायला घेतलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं गाव वर आलं. माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. लोक आधीच सावध होऊन निघून गेले होते. तिथल्या एका घराच्या भिंतीवर वल्ह्यांच्या जहाजांचा अख्खा ताफा रंगवलेला होता.

क्रीटमधल्या हेराक्लिऑनला क्नोसोसचा राजवाडा पाहायचा. त्यातला बराचसा भाग सर आर्थर इव्हान्स यांनी काँक्रिटनं उभा केलेला आहे, हे ध्यानात ठेवून पाहावा. क्रीटच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीची सहा राजवाडा-केंद्रं २०२५च्या जुलैत पॅरिसला जागतिक वारसा ठरली, आणि त्याच अधिवेशनात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्लेही.

इस्तंबूलला २०२१ साली खुल्या झालेल्या गलातापोर्ट या नव्या टर्मिनलवरून ट्राम धरून जुन्या शहरात जाता येतं. पण तिथलं मोठं बंदर आता जमिनीखाली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोशिअसनं बांधलेल्या या बंदरात इजिप्तचं धान्य उतरायचं. लायकॉस ओढ्याच्या गाळानं ते बुजलं, त्यावर भाजीचे मळे झाले, आणि लांगा भागातली काकडी शहरभर नावाजली गेली. २००४पासून मार्मराय रेल्वेच्या येनिकापी स्थानकासाठी खोदकाम सुरू झालं, तेव्हा ३७ जहाजांचे सांगाडे निघाले, काही मालासह. रेल्वेचं काम त्यापायी बरीच वर्षं लांबलं. ते लांबू दिलं, याचं श्रेय त्या शहराला द्यायला हवं.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची बाब. तुर्कस्तान शेंगेन देशांत येत नाही. ग्रीसहून तिथे जाऊन जहाज पुन्हा ग्रीसला येणार असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो, आणि तुर्कस्तानचे व्हिसाचे नियम वेगळे. तिकीट काढण्यापूर्वी हे तपासावं. जहाज कंपनीकडून प्रत्येक बंदराची पहिली-शेवटची वेळ लिहून घ्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी चार जागा पळत पाहण्यापेक्षा एकच जागा नीट पाहावी.

आणि या समुद्राचा आपल्याशी असलेला धागा पाहायला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन (ग्रीक) दात्यांची नावं कोरलेली आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी, सुबक ब्राँझमूर्ती सापडली. ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. क्रूझचं बुकिंग करण्याआधी एकदा कोल्हापूरला जाऊन ती पाहून यावी.