जिवाणूला दिशा कळते का?

साखरेकडे मुंगी जाते तसा जिवाणू अन्नाकडे जातो, असे सर्रास सांगितले जाते. ही उपमा ऐकायला सोपी असली तरी जवळपास सगळ्या गैरसमजांचे मूळ तिच्यात आहे.

गैरसमज : अन्न कुठल्या बाजूला आहे हे जिवाणूला कळते आणि तो तिकडे वळतो.

वस्तुस्थिती : आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जेमतेम 2 मायक्रोमीटर लांब असतो. एवढ्याशा देहाच्या दोन टोकांमधला संहतीचा फरक अगदीच नगण्य, त्यामुळे त्यावरून तो दिशा ठरवत नाही. 1972 मध्ये हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राऊन यांनी पोहणाऱ्या जिवाणूचा माग काढणारा सूक्ष्मदर्शक वापरून त्याची चाल टिपली. साधारण एक सेकंद सरळ धाव, मग एक दशांश सेकंद गटांगळी आणि पुन्हा भलत्याच दिशेने धाव. कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे शेपटीसारखे तंतू, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात तेव्हा त्यांची जुडी होऊन जिवाणू पुढे जातो; त्या सुलट फिरू लागल्या की जुडी विस्कटते आणि गटांगळी होते. नवी दिशा तो निवडतच नाही. परिस्थिती सुधारत असेल तर पुढची गटांगळी लांबवतो, एवढेच.

पण सुधारते आहे हे त्याला कसे कळते? आठवणीमुळे. गेल्या सेकंदाभरात जे जाणवले त्याची तुलना तो त्याआधीच्या तीनेक सेकंदांशी करतो, आणि ही आठवण रसायन ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मिथिल गटांत साठलेली असते. 1972 मध्येच रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलंड यांनी साल्मोनेलाचे जिवाणू क्षणार्धात जास्त सेरिन (त्यांना ओढून घेणारे अमिनो आम्ल) असलेल्या द्रवात मिसळले. द्रवात सगळीकडे संहती सारखीच होती, म्हणजे जाण्यासारखी दिशाच नव्हती. तरीही जिवाणू काही काळ सरळ पोहत राहिले! इतक्या साध्या मांडणीतून इतके स्वच्छ उत्तर देणारे प्रयोग विज्ञानात फार थोडे आहेत.

गैरसमज : जे पचते त्याचीच ओढ असते.

वस्तुस्थिती : 1969 मध्ये ज्युलियस ॲडलर यांनी दाखवले की, गॅलॅक्टोज पचवू न शकणारे उत्परिवर्तित जिवाणूही गॅलॅक्टोजकडे जातात. ओढ ग्राहीमुळे असते, पोट भरण्यामुळे नाही.

गैरसमज : ही ओढ तपासायला मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे अतिसूक्ष्म वाहिन्या असलेले उपकरण, कशाला? काचेची केशनलिका पुरेशी आहे.

वस्तुस्थिती : ओढ आहे की नाही, एवढेच विचारायचे असेल तर पुरेशी आहे. ॲडलर यांची पद्धतही तीच होती : रसायन भरलेली केशनलिका जिवाणूंच्या द्रवात ठेवायची आणि नंतर आत शिरलेले जिवाणू मोजायचे. पण नळीच्या तोंडाशी संहती सतत बदलत असते, त्यामुळे एकेका जिवाणूने नेमके काय अनुभवले हे सांगता येत नाही. चिपमधल्या केसाएवढ्या वाहिन्यांत भोवरे उठत नाहीत. दोन प्रवाह शेजारी-शेजारी वाहतात आणि फक्त विसरणाने मिसळतात. लहान रेणूला 10 मायक्रोमीटर जायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, तर 1 मिलिमीटर जायला पंधरा-वीस मिनिटे. हे गणित हाताशी असल्याने संहतीचा उतार आधीच आखता येतो. टेक्सासमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये अशा उपकरणात 3.2 नॅनोमोलर ॲस्पार्टेटलाही ई. कोलायचा प्रतिसाद टिपला. केशनलिकेला लागणाऱ्या संहतीच्या तुलनेत ही सुमारे हजारपट कमी आहे.

गैरसमज : चिपमध्ये दिसते ती सगळी रसायनाचीच ओढ.

वस्तुस्थिती : वाहता द्रव जिवाणूंना वाहून नेतो, फिरवतो. काचेजवळ तर ई. कोलाय आपसूकच गोल गोल पोहतो. म्हणून काही संशोधक ॲगरोज जेलमध्ये तीन समांतर वाहिन्या कोरतात. कडेच्या दोन वाहिन्यांतून कमी-जास्त संहतीचे द्रव वाहत राहतात, रेणू जेलमधून झिरपतात आणि मधल्या वाहिनीतल्या संथ द्रवात स्थिर उतार तयार होतो. अशाच मांडणीत 2009 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दिसून आले की, बऱ्याच मोठ्या पल्ल्यात ई. कोलाय संहती किती वाढली याला नव्हे, तर किती पटीने वाढली याला प्रतिसाद देतो. 1 ची 2 झाली काय आणि 10 ची 20 झाली काय, त्याला सारखेच.

जिवाणू रसायनाकडे झेपावताना दाखवणारी चित्रफीत पाहाल तेव्हा दोन गोष्टी जरूर विचारा : द्रव वाहता होता की संथ, आणि दोन्ही बाजूंना सारखाच द्रव ठेवून तुलनेचा प्रयोग केला होता का? याची उत्तरे नसतील, तर त्या चित्रफितीवरून निष्कर्ष काढू नका.