पुकारा झाला, पण ज्याला ऐकूच येत नाही त्याने काय करावे?

भिंगारच्या माणसाला सरकारी कचेरी नवी नाही. गावच छावणीचे. एका अंगाला लष्कराच्या भिंती, दुसऱ्या अंगाला कॅन्टोन्मेंट बोर्डाचे कार्यालय, दवाखाना, शाळा. आणि रिक्षाने थोडे पुढे गेले की नगर शहरातले जिल्हा रुग्णालय, कलेक्टर कचेरी, कोर्ट, माळीवाड्याचा एस.टी. स्टँड. आपल्यापैकी किती तरी घरांच्या दोन-तीन पिढ्या बोर्डाच्या सफाई खात्यात, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नाही तर रोजंदारीच्या हजेरीवर गेल्या. तेव्हा खिडकीसमोर ताटकळणे, 'उद्या या' ऐकणे आणि शिपायाची बोलणी खाणे हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण या साऱ्या कचेऱ्यांची एक खोड आपल्या लक्षात येत नाही, कारण आपले कान शाबूत आहेत. त्या सगळ्या कानावर चालतात. दवाखान्यात केसपेपर जमा केला की नाव पुकारतात. कोर्टात पट्टेवाला दारात येऊन पक्षकाराच्या नावाचा पुकारा करतो. एस.टी. स्टँडवर गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते भोंग्यातून सांगतात. तहसीलला कारकून मान खाली घालून पुटपुटतो आणि आपण ते कान देऊन टिपतो. आता ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही, त्याने या जागी काय करायचे? त्याचे नाव तीनदा पुकारले जाते आणि कागदावर शेरा पडतो, 'गैरहजर'. माणूस तिथेच बाकावर बसलेला असतो.

माझ्या चुलत बहिणीची सून कर्णबधिर आहे. पोटात दुखते म्हणून ती एका दवाखान्यात एकटीच गेली. सकाळी नऊला केसपेपर काढला, एक वाजता ओ.पी.डी. बंद झाली तेव्हा ती बाकावरच होती. नाव कधी येऊन गेले तिला कळले नाही. दुसऱ्या दिवशी सासू बरोबर गेली. डॉक्टरांनी सगळे प्रश्न सासूला विचारले, औषध सासूच्या हातात दिले, आणि जिच्या पोटात दुखत होते तिच्याकडे कुणी पाहिलेही नाही. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे तिला घरी आल्यावर कळले. यात कुणी तिला शिवी दिली नाही. तरी जे झाले त्याला भेदभाव हाच शब्द आहे.

शब्दाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपण सर्रास 'मुकाबहिरा' म्हणतो, कागदोपत्री 'मूकबधिर' लिहितो. बहुतेक कर्णबधिरांचा गळा, जीभ, स्वरयंत्र चांगले असते. लहानपणी शब्द कानावर पडला नाही म्हणून तो तोंडातून आला नाही, एवढेच. आणि जे हातांनी बोलतात ते मुके कसे? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्या समाजाला बोलू दिले जात नव्हते, त्याला त्यांनी मूक म्हटले. तो समाज मुका नव्हता, त्याचे बोलणे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हते. कर्णबधिरांची गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

नाते इथेच संपत नाही. ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्या नवव्या अध्यायात वाटणीचे नियम आहेत. त्यांत जन्मांध, जन्मतः बहिरा आणि मुका यांना वडिलार्जित मिळकतीत हिस्सा नाही, असे सांगितले आहे. पोटापुरते अन्नवस्त्र द्या, पण वाटा देऊ नका! हा नुसता पोथीतला मामला नव्हता. इंग्रजी अमदानीतली न्यायालयेही हिंदू कायदा म्हणून हा अपात्रतेचा नियम मानीत. १९२८ साली वेगळा कायदा करून ही अपात्रता बऱ्याच अंशी काढावी लागली. पुढे हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलाचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यांपैकी १९५६ च्या वारसा कायद्याच्या २८ व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यांमुळे वारसाहक्क जात नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी वाटणीच्या वेळी 'त्याला काय कळतंय' म्हणून बहिऱ्या भावाचा अंगठा परस्पर घेणारे महाभाग आपल्यातही नाहीत असे छातीठोकपणे म्हणता येईल काय?

आपले तेवढे झाकून दुसऱ्याचे उघडे करणे बरे नव्हे, म्हणून हेही लिहितो. विनयपिटकातील महावग्गात आंधळ्या, मुक्या आणि बहिऱ्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. तो भिक्खू संघातील प्रवेशापुरता आहे, उपासकाला नाही. तरीही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमाआड आजच्या विहाराने लपू नये. बुद्धाने स्वतःचे म्हणणेही पारखून घ्यायला सांगितले आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातला प्रकार पाहा. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी पुण्यात समाजकल्याण आयुक्तालयासमोर राज्यातून आलेले कर्णबधिर तरुण-तरुणी मोठ्या संख्येने जमले होते. मागण्या साध्या होत्या : शिक्षण द्या, नोकऱ्या द्या, सांकेतिक भाषेचे दुभाषे द्या. त्यांच्यावर पोलिसांनी लाठीमार केला. राज्यभर निषेध झाला, वर्तमानपत्रांत फोटो आले. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. जमाव पांगवायचा तर पोलीस आधी तोंडाने किंवा भोंग्यावरून इशारा देतात. इथे तो इशारा कुणाच्या कानात शिरणार होता? आणि ज्यांचे बोलणे हातात आहे, त्यांच्या हातावर लाठी बसली तर ते ओरडणार कशाने? पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते काढले. चांगले केले. पण खाते मंत्रालयात असते आणि केसपेपरची खिडकी गावात.

कायदा नाही असे मात्र नाही. पहिला १९९५ चा, ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झालेला. त्यात सरकारी नोकरीत तीन टक्के जागा होत्या आणि त्यांतली एक टक्का श्रवणदोष असणाऱ्यांची. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आता राखीव जागा चार टक्के, कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांची एक टक्का कायम. सांकेतिक भाषा ही संवादाची रीत म्हणून या कायद्यातच मान्य केलेली आहे.

या कायद्याचे ९२ वे कलम आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावे. दिव्यांग माणसाला चारचौघांच्या नजरेसमोर, त्याची मानहानी व्हावी या हेतूने अपमानित केले किंवा धमकावले, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ओळखीचे वाटते ना? १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात आपल्यासाठी जे लिहिले आहे, जवळजवळ त्याच शब्दांत हे लिहिले आहे. जातीवरून बोलला तर आपण ठाण्यात जातो. बहिरेपणावरून नक्कल केली, तर मात्र आपणही हसतो.

दुसरे कलम २३ वे. प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्याने तक्रारीची नोंदवही ठेवली पाहिजे आणि दोन आठवड्यांत चौकशी केली पाहिजे. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. किती कार्यालयांत हा अधिकारी कोण हे शिपायाला तरी सांगता येईल, याची परीक्षा घ्यायला हरकत नाही.

तिसरे, २० वे कलम. हे तर थेट आपल्या कामगार घरांचे आहे. वर्कशॉपमध्ये, नागापूरच्या एम.आय.डी.सी.तल्या प्रेसवर, साखर कारखान्यात वीस-पंचवीस वर्षे काढली की माणूस घरात मोठ्याने बोलू लागतो, टी.व्ही.चा आवाज वाढवतो. बायको म्हणते, वय झाले. वय नव्हे, आवाजाने कान गेला. हा व्यावसायिक आजार म्हणून कामगार कायद्यांत नोंदलेला आहे आणि त्यावर भरपाईचा हक्क आहे. शिवाय सरकारी नोकरीत असताना ऐकू येणे बंद झाले म्हणून कामावरून काढता येत नाही, पद कमी करता येत नाही. जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. काही आस्थापनांना सरकारने यातून सूट दिलेली असू शकते, तेव्हा युनियनकडे चौकशी करावी. पण 'राजीनामा लिहून दे' म्हटल्यावर लगेच सही करू नये.

पोलीस ठाणे आणि कोर्ट हा सर्वांत नाजूक भाग, विशेषतः लेकीबाळींच्या बाबतीत. 'हिला सांगता येत नाही, साक्ष काय देणार?' असे म्हणून कर्णबधिर मुलीची तक्रार बाजूला सारली जाते, आणि अत्याचार करणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असते. म्हणूनच तो अशी मुलगी हेरतो. बोलता न येणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होते. २०१३ मध्ये दुभाषा किंवा विशेष शिक्षक घेण्याची आणि साक्षीचे चित्रीकरण करण्याची सक्ती आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमात हीच तरतूद १२५ व्या कलमात आहे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद असेल तर दिव्यांग मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या सोयीच्या जागी, दुभाष्यासमोर घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील तरुणीने दुभाष्याच्या मदतीने थेट सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात भाग घेतला. दिल्लीला जमते ते नगरला का जमू नये?

दुभाषे पुरेसे नाहीत, ही मात्र खरी अडचण. त्याला कारणही जुने आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरी भरलेल्या परिषदेत कर्णबधिरांच्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव झाला. त्यानंतर कुठे कुठे हात बांधून मुलांना ओठ हलवायला लावले. ठराव करणारे बहुतेक सारे ऐकू येणारे होते, हे सांगायला नकोच. मुंबईत १८८० च्या दशकातच कर्णबधिरांची शाळा निघाली, पण सांकेतिक भाषेसाठी देशपातळीवरची संस्था दिल्लीत निघायला २०१५ साल उजाडले. तिने केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांच्या खुणा आल्या. ६ डिसेंबर २०२४ रोजी, योगायोगाने महापरिनिर्वाण दिनीच, सांकेतिक भाषेची स्वतंत्र शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. पीएम ई-विद्याची ती ३१ क्रमांकाची वाहिनी घरच्या टी.व्ही.वर लागते. मूल कर्णबधिर असेल तर आई-बापांनी, आजी-आजोबांनी तिच्यासमोर बसावे. मुलाने एकट्याने शिकून उपयोग नाही. घरात बोलायला कुणी हवे ना!

घरच्या मंडळींनी आणखी एक करावे. ताटली वाजवल्यावर तान्हे दचकत नसेल, वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, तर 'उशिरा बोलेल, त्याचा मामाही उशिराच बोलला' म्हणत थांबू नये. अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. श्रवणयंत्र किंवा कानात बसवायचे कॉक्लिअर रोपण यांसाठी सरकारी योजना आहेत, पण त्या वयाला बांधलेल्या आहेत; पाच वर्षांनंतर रोपणाची वाट बरीचशी बंद होते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा अर्ज आता ऑनलाईन होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात. ते कार्ड हाती आल्याशिवाय एस.टी.ची सवलत नाही, संजय गांधी योजना नाही, राखीव जागाही नाही.

आणि आपला विहार? वंदनेला येणारा कर्णबधिर मुलगा सगळ्यांचे हात जुळले की हात जोडतो, सगळे उठले की उठतो. पंचशील म्हणजे काय, ते त्याला कुणी समजावले आहे काय? पाच शीलांसाठी पाच खुणा बसवायला फार पैसे लागत नाहीत. कार्यक्रमाची वेळ फळ्यावर लिहावी, वक्त्याने उजेडाकडे तोंड करून उभे राहावे, एखाद्या शिकलेल्या मुलीने शेजारी उभे राहून मुख्य मुद्दे खुणांनी सांगावेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ही पोरे डी.जे.च्या भिंतीला हात लावून आवाज अनुभवतात, तेवढाच त्यांचा वाटा नसावा.

ज्या कुटुंबांत कर्णबधिर व्यक्ती आहे त्यांनी आपापल्या भागातील दवाखाना, बँक, तहसील, पोलीस ठाणे यांपैकी ज्या ठिकाणी नेहमी काम पडते, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यावा. मागणी दोनच ओळींची : नाव पुकारण्याबरोबर नंबर फलकावर लिहावा, आणि गरज पडेल तेव्हा दुभाषा बोलवावा. अर्जावर पोच घ्यावी, पोचवर तारीख आणि शिक्का असावा. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर अर्जाची झेरॉक्स आमच्या पत्त्यावर पाठवावी. कार्यालयाच्या नावासह छापू.